काकांचा बाईट

काकांनी मला खोली दिली ती मुलाखत घेऊन. सदाशिव पेठेत खोली शोधणाऱ्या मुलीला काय काय विचारतात हे मैत्रिणींकडून ऐकलं होतं. परत किती वाजता येता, घरी कोण कोण येतं, खोलीत काय शिजवता. मी उत्तरं पाठ करून गेले होते. काकांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही.

"घरात कोणी राजकारणात?"

"नाही. म्हणजे... मामा सरपंच होते."

"किती वर्षं?"

"एकदाच. पाच वर्षं."

"पुन्हा का नाही? पकडले गेले?"

"हरले हो, काका."

"मग हरकत नाही," काका म्हणाले. "हरलेल्याला खायला सवड मिळत नाही. सामान कधी आणताय?"

हे मी गंमत म्हणून मामांना फोनवर सांगितलं. मामा हसले नाहीत. गावात पाण्याची टाकी व्हावी म्हणून त्या माणसानं तालुक्याला एवढे हेलपाटे घातले होते की मामी त्यांचा डबाच बांधून ठेवायची. ते एवढंच म्हणाले, "तिकडे पुन्यातही तसंच म्हनतात काय?" आणि विषय बदलला.

मी अकोल्याची, म्हणून काका मला 'अकोला' म्हणायचे. नावानं हाक त्यांनी कधीच मारली नाही. "अहो अकोला, दूध उतू जातंय." "अकोला, आपण गॅलरीतला दिवा चालू ठेवून गेला होतात." अहो-जाहो करून माणसाचा पाणउतारा कसा करता येतो हे मी त्यांच्याकडे राहून शिकले.

नोकरीत असताना ते खडकीच्या बाजूच्या एका कारखान्यात तयार मालाची तपासणी करायचे. म्हणजे आलेल्या ढिगातून एखादा नग उचलायचा, मोजायचा, आणि त्यात खोट निघाली तर सगळा लॉट परत पाठवायचा. पूर्ण नोकरी त्यांनी नाही म्हणण्यात काढली होती आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, सवय सुटली नाही. भाजीवाली, डॉक्टर, सोसायटीचा सेक्रेटरी, सगळ्यांना ते तपासत. बुधवार पेठेतून टीव्हीचा रिमोट आणायला गेले तर दुकानदाराला निम्मा खोका उपसायला लावून, प्रत्येक रिमोटचं प्रत्येक बटण दाबून, शेवटी रिकाम्या हातानं परत आले होते. दोन दिवस काकू उठून उठून चॅनल बदलत होत्या.

पण त्यांचा खरा माल म्हणजे पुढारी. सकाळी दोन वर्तमानपत्रं आणि नाश्त्यापासून टीव्ही. आवाज एवढा की आंघोळ करताना मला राज्यात कोणावर छापा पडला ते कळायचं. एखाद्या मंत्र्याचं, आमदाराचं नाव कशात आलं, की काका खुर्चीत पुढे सरकायचे. चेहऱ्यावर राग असायचा, पण त्या रागाखाली एक समाधानही असायचं, आपलं निदान बरोबर ठरल्याचं.

"बघितलंत? हाही!"

"काका, अजून नुसता आरोप आहे."

"आरोप कोणावर होतो? माझ्यावर झाला का?"

पुढे चौकशीत तो माणूस सुटला तर काकांचा निकाल तयार असायचा. "निर्दोष सुटला म्हणजे हात वरपर्यंत पोचलाय." म्हणजे अडकला तर चोर, सुटला तर मोठा चोर. या विहिरीतून बाहेर यायला त्यांनी पुढाऱ्यांना शिडीच ठेवली नव्हती. मग शेवटी टीव्हीकडे हात उडवून ठरलेलं वाक्य: "सगळे चोर आहेत!" दिवसातून किती वेळा म्हणायचे याला सुमार नव्हता. चहा गाळताना म्हणायचे. चप्पल शोधताना म्हणायचे.

एकदा मी हट्टानं त्यांच्याशी भांडायला बसले.

"कारखान्यात नग कसा निवडायचात?"

"हाताला येईल तो. निवडून घ्यायचा नाही, हीच तर पद्धत."

"आणि टीव्हीवाले? ते हाताला येईल तो दाखवतात का? ते ढीग उपसून खोट असलेलाच वर काढतात. तोच बघून तुम्ही अख्खा लॉट परत पाठवता."

काकांनी मान हलवली. मला वाटलं, पटलं.

"मग चांगला का नाही दाखवत?" ते म्हणाले.

"कारण तो कोणी बघत नाही!"

"नसेलच. असता तर दाखवला असता."

मी उठून खोलीत गेले. स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, "कशाला डोकं शिणवतेस? त्यांचं लग्न टीव्हीशी झालंय. मी आपली शेजारीण."

दिवाळीच्या आधी पेठेतले सगळे इच्छुक उमेदवार घरोघर उटण्याची पाकिटं वाटतात. पाकिटावर उटण्यापेक्षा फोटो मोठा. काका प्रत्येक पाकीट दारातूनच परत करत. देणाऱ्या कार्यकर्त्याला विचारत, "हे आपल्या खिशातून की आमच्या?" तो बिचारा कॉलेजचा मुलगा कानकोंडा व्हायचा. पहिल्या अंघोळीच्या दिवशी मात्र घरात उटण्याचा घमघमाट असायचा. काकू शेजारणीकडून पाकीट घेऊन, फोटो फाडून, वाटीत काढून ठेवायच्या. काका लावायचे, आणि म्हणायचे, "यंदा उटणं बरं आहे."

मत द्यायला ते न चुकता जायचे. कडक इस्त्रीचा शर्ट घालून, मतदान सुरू व्हायच्या आधी केंद्राच्या दारात. आणि जाऊन 'वरीलपैकी कोणी नाही'चं बटण दाबून यायचे. ते गुप्तही ठेवायचे नाहीत. काकू कोणाला मत देतात ते मात्र त्यांना लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलेलं नव्हतं, आणि ते त्यांना खुपायचं.

त्या वर्षी आमच्या गल्लीत नळाला पिवळं पाणी यायला लागलं. आधी वास, मग रंग. महापालिकेत फोन केले, तक्रारी केल्या, माणसं येऊन बघून गेली. मग काकूंना कावीळ झाली. समोरच्या इमारतीत आणखी दोघांना झाली. काका त्या दिवसांत दवाखान्याच्या बाकावर बसून असायचे आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बातम्या न बघता बसलेलं बघितलं.

आमच्या भागाच्या नगरसेविकेची मुदत तेव्हा संपून गेली होती. निवडणुका लांबल्या होत्या, तिच्या हातात सहीचा अधिकारसुद्धा नव्हता. पण लोक फोन तिलाच करायचे. सगळे तिला ताई म्हणत. दोन गल्ल्या पलीकडे राहायची, नवऱ्याचं वह्या-पेनांचं छोटं दुकान. ती आली, नळाखाली ग्लास धरला, पाणी बघितलं आणि म्हणाली, "हे ड्रेनेज मिसळतंय. अख्खी लाइन बदलावी लागेल." तिनं पाठपुरावा करून काम मंजूर करून आणलं. कसं आणलं ते तिलाच ठाऊक. आणि खोदाई सुरू झाल्यावर साडीचा पदर खोचून रोज सकाळी खड्ड्याच्या काठावर उभी राहायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारी काका उभे होते. हातात व्हर्नियर, कारखान्यातून निवृत्त होताना स्वतःच्या पैशानं विकत घेतलेला, जाडी मोजायचा. खाली उतरवायच्या आधी प्रत्येक पाइप ते मोजत होते. मुकादम वैतागला.

"ओ काका, संध्याकाळपर्यंत काम उरकायचंय मला. हे काय लावलंय?"

"मोजू द्या त्यांना," ताई म्हणाली. "काका, काही कमी वाटलं तर मला सांगा. उतरवू देणार नाही."

काकांनी एक जोड परत उघडायला लावला. आतलं रबराचं कडं नीट बसलं नव्हतं. ताईनं मुकादमाशी वाद घालून तो पुन्हा करून घेतला. काम संपलं तेव्हा काका घरी आले, हात धुतले आणि काकूंना म्हणाले, "पास."

काकू अंथरुणावर उठून बसल्या. "काय म्हणालात?"

"काम पास आहे," काका म्हणाले, आणि जरा लाजल्यासारखे होऊन टीव्ही लावला.

पाणी स्वच्छ झालं. काकू बऱ्या झाल्या. वर्ष उलटलं असेल-नसेल, तोच एका संध्याकाळी त्याच टीव्हीवर लाल पट्टी झळकली. शहरातल्या पाइपलाइनच्या कामात घोटाळा! कागदावर जाड पाइप, जमिनीत हलके. ठेकेदार एकच, त्यानं शहरात बऱ्याच ठिकाणी कामं घेतलेली, त्यात आमच्या गल्लीचंही होतं. त्याचा फोटो कुठून मिळणार? ताईचा होता. खड्ड्याच्या काठावर पदर खोचून उभी, काम चालू असताना कोणीतरी कौतुकानं काढून मोबाइलवर टाकलेला. पडद्यावर अर्ध्या भागात तो फोटो, त्यावर लाल गोल, आणि खाली प्रश्नचिन्ह. चॅनलनं ती चोर आहे असं कुठेच म्हटलं नव्हतं. नुसतं विचारलं होतं.

काका खुर्चीत पुढे सरकले आणि तसेच राहिले. "बघितलंत? हाही!" म्हणाले नाहीत.

"पण पाइप मी मोजलेत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी गल्लीत कॅमेरा आला. माइक घेतलेली मुलगी माझ्याहून लहान असेल. लोक खिडक्यांतून बघत होते, खाली कोणी उतरेना. काका इस्त्रीचा शर्ट घालून उतरले. मी घरूनच काम करत होते, मीही मागोमाग गेले. बातम्यांच्या भाषेत कॅमेऱ्यासमोर माणूस जे बोलतो त्याला बाईट म्हणतात, हे मला त्या मुलीनं सांगितलं. "काका, छोटासा बाईट द्या."

काकांनी पाऊण तास दिला. पिवळं पाणी, कावीळ, व्हर्नियर, परत उघडलेला जोड, रबराचं कडं. त्यांनी बोटांनी जाडी दाखवली. ती मुलगी मान डोलवत होती, कॅमेरावाला हात बदलत होता. आणि मग, मधेच, सवयीनं, चप्पल शोधताना म्हणावं तसं काका म्हणाले, "हे बघा, पुढाऱ्यांची बाजू घ्यायला मी उतरलेलो नाही. सगळे चोर आहेत! पैसे खाल्ल्याशिवाय यांना झोप लागत नाही. पण या बाईनं या गल्लीत केलेलं काम चोख आहे, हे मी लिहून द्यायला तयार आहे."

संध्याकाळी आम्ही तिघं टीव्हीपुढे बसलो. काकूंनी पोहे केले होते. काका पडद्यावर आले. मागे आमची गल्ली. खाली अक्षरं: 'ज्येष्ठ पुणेकराचा संताप'.

"सगळे चोर आहेत! पैसे खाल्ल्याशिवाय यांना झोप लागत नाही."

आणि ताईचा फोटो. आणि जाहिराती.

काका बराच वेळ जाहिराती बघत बसले. उरलेलं आता दाखवतील असं त्यांना वाटत असावं. पुढच्या बातम्यांत पुन्हा तेवढंच दाखवलं. मग मोबाइलवर आलं. कोणीतरी त्याला ढोल-ताशा लावला. सकाळी काका दूध आणायला गेले तर डेअरीवाल्यानं हात जोडले, "काय बोललात काका! आमच्या मनातलं बोललात." ज्या माणसाला उभ्या पेठेत कोणी चांगलं म्हटलं नव्हतं, त्याचं कौतुक होत होतं. आणि तो प्रत्येकाला थांबवून सांगत होता, "अहो, ते अर्धंच आहे. पुढे ऐका." कोणालाही पुढे ऐकायचं नव्हतं.

मला त्यांचा राग आला होता, हे लपवत नाही. "काका, ते वाक्य बोलायची काय गरज होती?" मी म्हटलं. "पाऊण तासात तुम्ही त्यांना हवं ते एकच वाक्य दिलंत, आणि तेच दिलंत!"

"मी खोटं बोललो नाही," ते म्हणाले. मग चपला पायात सरकवत म्हणाले, "आपण माझ्याबरोबर ताईंकडे याल का?"

ताईच्या घरी तिचा नवरा दार उघडून आत निघून गेला, आम्हाला 'या' न म्हणता. दुकानात वही घ्यायला आलेली पोरंसुद्धा काहीबाही बोलून जात होती, हे नंतर कळलं. ताईनं चहा ठेवला. काकांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, आपण काय बोललो होतो, त्यांनी काय कापलं.

"बसा हो काका," ती म्हणाली. "तुमच्या तोंडचे शब्द आहेत की नाहीत?"

"आहेत."

"मग झालं तर. तुम्ही हे वर्षानुवर्षं म्हणताय. मी खाली रस्त्यावरून जाताना ऐकलंय तुमच्या खिडकीतून. तेव्हा नाही वाईट वाटलं मला. म्हटलं, मला थोडंच म्हणतायत." तिनं कप पुढे केला. "पक्षातून फोन आला होता. म्हणाले, थोडे दिवस दिसू नका. दिसू नका म्हणजे काय करू? भाजी आणायला जाऊ नको?"

"पाइप चांगले आहेत," काका म्हणाले.

"पाइप जमिनीखाली आहेत, काका. तुम्ही टीव्हीवर आहात."

काकांनी चहा संपवला नाही.

मग त्यांनी चॅनलच्या ऑफिसचा ध्यास घेतला. फोन लागेना तेव्हा रिक्षा करून गेले, आणि मला रजा टाकायला लावून बरोबर नेलं. स्वागतकक्षात व्हर्नियर टेबलावर काढून ठेवला, तेव्हा सुरक्षारक्षक उठून उभा राहिला. शेवटी ती माइकवाली मुलगी बाहेर आली. वाईट नव्हती. काकांना पाणी दिलं, शेजारी बसली.

"काका, पूर्ण बाईट चालवता येत नाही. वीस सेकंद असतात."

"मान्य. पण हीच वीस का निवडलीत?"

"मी नाही निवडली. मी पूर्ण पाठवलं होतं." मग आवाज उतरवून म्हणाली, "खरं सांगू का? पाइप चांगले आहेत, ही बातमी होत नाही. तुम्ही बघाल का अशी बातमी? चॅनल बदलाल."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी टेबलावरचा व्हर्नियर उचलला. येताना रिक्षात मात्र म्हणाले, "मी बदललं नसतं." मी बाहेरची दुकानं बघत राहिले. माझं तोंड उघडलं असतं तर रिक्षावाल्यानंही ऐकलं असतं.

काही महिन्यांनी चौकशीचा अहवाल आला. दोन-तीन ठिकाणी हलके पाइप खरंच सापडले होते, तिथल्या कामांवर कारवाई होणार होती. आमच्या गल्लीतलं काम नियमाप्रमाणे होतं. ही बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर, एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या खाली आली. काका दिवसभर टीव्हीपुढे बसले. येईल, आता येईल. त्या दिवशी कुठल्यातरी नटाचं लग्न होतं.

संध्याकाळी ते वर्तमानपत्र घेऊन समोरच्या निवृत्त बँकवाल्यांकडे गेले. बँकवाल्यांनी बातमी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "सुटली का? म्हणजे हात वरपर्यंत पोचलाय."

काका एवढे ओरडले की आम्हाला गॅलरीतून ऐकू आलं. "अहो, कुठला हात! कुठला वर! मी मोजलेत पाइप! मी!" काकू बाहेर आल्या, ऐकत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बोलतायत कुणाशी? स्वतःशीच ना?"

निवडणूक लागली तेव्हा ताईला तिकीट मिळालं नाही. अपक्ष उभं राहा म्हणून बायकांचा घोळका तिच्याकडे गेला होता. तिनं नको म्हटलं. ज्याला तिकीट मिळालं त्याचे फ्लेक्स गल्लीच्या दोन्ही तोंडांना लागले. आमच्या गल्लीत त्याला यापूर्वी कोणी पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल वाईट बोलण्यासारखंही कोणाकडे काही नव्हतं. मला वाटतं, त्याचं तेवढंच भांडवल होतं.

मतदानाच्या दिवशी काकूंचा गुडघा धरला होता, त्यामुळे काकांनाही निघायला उशीर झाला, आणि मी काकूंना हात द्यायला बरोबर गेले. माझं नाव अजून अकोल्याच्याच यादीत आहे. शाळेची रांग फाटकातून बाहेर फुटपाथवर आली होती. आमच्या पुढे चार-पाच माणसं सोडून ताई उभी होती. आजूबाजूला थोडी जागा सुटलेली. लोक ओळख दाखवत होते, पण मोबाइलकडे बघत दाखवत होते.

काका रांग सोडून पुढे गेले आणि तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले.

"काका, मागे जा, लोक ओरडतील," ती म्हणाली.

"मी घुसत नाही. नुसता उभा आहे."

तेवढ्यात मागच्या एका पोरानं त्यांना ओळखलं. पाठीला सॅक, हातात फोन. "काका, तुम्ही ते व्हायरलवाले ना? सगळे चोर आहेत! एक रील करूया ना, प्लीज. तेच परत म्हणा. आज तर एकदम परफेक्ट आहे."

रांगेतली माणसं हसली. ताई समोरच्या भिंतीकडे बघायला लागली.

"म्हणतो," काका म्हणाले. "पण या बाई उभ्या आहेत ना, यांच्या कामापासून सुरुवात करणार. पूर्ण घ्याल?"

"किती वेळ लागेल?"

"पाऊण तास."

"रील तीस सेकंदांचं असतं काका!"

"मग राहू द्या रील. नुसतं ऐका."

आणि त्यांनी सुरुवात केली. फुटपाथवर, भर उन्हात, मोठ्या आवाजात. पिवळं पाणी. काकूंची कावीळ. पोरानं थोडा वेळ फोन धरला, मग खाली केला, मग रांग सरकली तसा तो पुढे सरकला. बँकवाले तोंड फिरवून उभे राहिले. बंदोबस्तावरचा हवालदार येऊन म्हणाला, "आजोबा, इथं प्रचार चालत नाही." काका म्हणाले, "त्या उभ्याच नाहीत निवडणुकीला, प्रचार कोणाचा करू?" हवालदार डोकं खाजवत फाटकाकडे परतला.

मी कपाळाला हात लावला. काकू म्हणाल्या, "चल, आपण पुढे होऊ. हे काही आता आवरायचे नाहीत."

काकू मत देऊन बाहेर आल्या तेव्हाही ते चालूच होतं. ताईचं मत देऊन झालं होतं, बोटाला शाई होती, पण ती गेली नव्हती. फाटकाच्या सावलीत उभी राहून एकटीच ऐकत होती. ऐकणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. काका रबराच्या कड्यापर्यंत आले होते.

"तो जोड कोपऱ्यावरचा होता," काका हात पसरून सांगत होते, "मंदिराजवळचा."

"मंदिराजवळचा नाही, काका," ताई म्हणाली. "पिठाच्या गिरणीसमोरचा. मंदिराजवळचा पहिल्यांदाच बरोबर बसला होता."

काका थांबले. आठवून बघितलं.

"बरोबर," ते म्हणाले. "गिरणीसमोरचा." आणि तिथून पुढे सांगायला लागले.